पिंपळगावच्या काट्याचा मागचा दरवाजा

लोक प्रवासाला जातात ते हिमशिखरं, लेणी, गेलाबाजार एखादा धबधबा तरी बघायला. मी जालना जिल्ह्यात गेले ती एका पेटीतल्या पाच पिना बुजवायला. परत आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी उत्साहाने विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "भुईकाटा." त्यांनी लगेच विषय बदलला. त्यांच्यासाठी, आणि तिकडे कधीच जाणार नाहीत अशा सगळ्यांसाठी, हे लिहिते आहे.

आधी पिनांचं सांगून टाकते. आमची कंपनी पुण्यात भुईकाट्याच्या पेट्या बनवते. ट्रॅक्टर लोखंडी पाटावर चढला की शेजारच्या खोलीत लाल आकड्यांत वजन दाखवते ती पेटी. तिच्या आत, हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात, पाच सोनेरी पिना उभ्या असतात. त्याला आम्ही डिबग पोर्ट म्हणतो. कारखान्यात पेटी तयार होत असताना तिथे केबल जोडून तिच्या मेंदूशी थेट बोलता येतं. आत काय लिहिलंय ते वाचता येतं, बदलताही येतं. घर बांधताना गवंडी मागच्या भिंतीत ये-जा करायला वाट ठेवतात आणि काम झालं की बुजवतात, तशी ही वाट. फक्त आम्ही ती बुजवत नव्हतो. मी दर मीटिंगला म्हणायचे की केबल घेऊन येईल त्याला आपली पेटी पोटातलं सगळं सांगून टाकेल. आमचे साहेब म्हणायचे, "अहो, खेड्यात केबल घेऊन कोण येतंय? आणि दुरुस्तीला बरं पडतं."

दिवाळी उरकली आणि कुंभार पिंपळगावच्या काट्याच्या मालकांचा फोन आला. काटा सकाळी वजन कमी दाखवतो, दुपारी बरोबर दाखवतो, आणि सकाळी आकड्यांच्या कोपऱ्यात एक ठिपका पेटतो. तो ठिपका म्हणजे पेटीचा कबुलीजबाब असतो: मला केबल जोडलेली आहे. साहेबांचं तोंड उतरलं. खेड्यात केबल घेऊन येणारा एकही माणूस ज्यांना सुचत नव्हता, त्यांना आता पिंपळगावात आख्खी टोळी दिसायला लागली. त्यांनी मला एक केबल दिली, काळ्या राळेचे दोन डबे दिले, आणि बजावलं की समोरचा माणूस भयंकर हुशार असणार, गाफील राहू नका. दोन्ही डब्यांतली राळ एकत्र केली की तिचा दगड होतो. ती पिनांवर ओतायची, म्हणजे वाट कायमची बंद. ही आमची संरक्षण-योजना.

जालना

'जालना, सोने का पालना' असं स्टँडवर उतरल्यापासून जो भेटेल तो ऐकवत होता. पाळणा एमआयडीसीत हलतो. तिथे सळया ओढणाऱ्या गिरण्यांच्या धुराने आभाळाला गंज चढल्यासारखा दिसतो, आणि डबे लटकवलेल्या मोटरसायकली आणि माणसांनी भरलेले टेम्पो त्या गंजात बिनधास्त घुसत असतात. पुण्यात एवढ्या धुरात आम्ही निवेदन दिलं असतं. इथे लोक चहा पितात.

एका गिरणीत आमचीच पेटी होती आणि ती ठणठणीत होती. तुलना करावी म्हणून मी आधी तिथे गेले. काट्यावर शेखचाचा होते, साठीचे, पांढरी दाढी. मी सुरक्षेचा विषय काढताच ते अभिमानाने उठले. पेटीला लोखंडी पिंजरा होता आणि पिंजऱ्याला तीन कुलुपं. मी मनात म्हटलं, शाबास, कोणीतरी शहाणं भेटलं. मग चाचांनी तिन्ही किल्ल्या पिंजऱ्याच्याच खिळ्यावरून काढल्या.

"इथंच ठेवतो, म्याडम. गुम झाल्या तर पंचाईत होती ना," ते म्हणाले.

पेटीवर आमची चिठ्ठी चिकटवलेली होती. 'या पेटीवर पाणी, हळद, कुंकू इ. काहीही लावू नये.' ही चिठ्ठी आमच्या साहेबांचं अपत्य. पुण्यात सूचना लिहिली की प्रश्न सुटला अशी आमची श्रद्धा आहे. गिरणीत चिठ्ठीच्या बरोबर मध्यावर कुंकवाची पाच बोटं ठसठशीत उमटली होती, आणि 'लावू नये' हे शब्द त्यांच्याखाली अर्धे गडप झाले होते.

"दसऱ्याला पोरांनी लावलं," चाचा म्हणाले. "म्या म्हणलो, अरे चिठ्ठी वाचा. तर म्हणले, चिठ्ठी पुण्याची हाय, मशीन आपली हाय."

मी त्यांना चिठ्ठीचं महत्त्व सविस्तर समजावून सांगितलं. चाचांनी सगळं मन लावून ऐकलं आणि दुसरा चहा मागवला. रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ठेचा मिळाला. ठेच्याबद्दल वाढप्याने "तिखट न्हाई बिलकुल" अशी खात्री दिली होती. त्या खात्रीवर मी पाण्याचे दोन तांबे रिकामे केले.

कुंभार पिंपळगाव

अंबड, घनसावंगी करत एसटी निघाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला कापूस. ओच्यात कापूस भरत बायका सऱ्यांमधून पुढे सरकत होत्या. बघत राहावं असं होतं, पण रस्ता बघू देत नव्हता. एका खड्ड्यात माझ्या पर्समधल्या दोन्ही डब्यांची झाकणं उडाली. पिंपळगाव येईपर्यंत राळेने राळेला गाठलं होतं आणि माझी पर्स चेनसकट घट्ट मिटली होती. आमच्या कंपनीने पूर्णपणे सुरक्षित केलेली ही पहिली वस्तू.

काट्याचे मालक विठ्ठलराव. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. धोतर, टोपी, आणि आवाज असा की माईकची गरज नाही. तरी माईक होता. काट्याच्या खोलीवर भोंगा बसवलेला होता आणि कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली की आप्पा त्यातून ओरडायचे, "पुढचा घ्या!" तो आवाज बाजारतळावरून पार शाळेपर्यंत जायचा. आप्पांनी माझ्या मागे बघितलं.

"इंजिनेर साहेब कुठं राह्यले?"

"मीच," मी म्हटलं.

"बरं बरं. या मंग," ते म्हणाले आणि माझी पर्स बघून त्यांनी खिशातून ब्लेड काढलं. संरक्षण-योजना एका फटक्यात आडवी झाली. डब्यांच्या तळाशी न मिसळता उरलेली पातळ राळ मी दोन वाट्यांत वाचवली.

आप्पांनी हकीकत सांगितली ती अशी. एका शेतकऱ्याने सकाळी कापूस मोजला आणि व्यापाऱ्याशी न जमल्याने दुपारी परत मोजला. "कापूस उन्हात वाळून हलका होतो, म्याडम. ह्याचा जड झाल्ता!" आप्पा म्हणाले. मग लोकांनी पडताळून पाहिलं. सकाळी हमखास कमी भरायचं. दुपारी लाईट जाऊन परत आली की काटा सुतासारखा सरळ. भारनियमनाचे दिवस होते ते. विजेच्या जाण्याने ज्याचं भलं झालं असं मराठवाड्यातलं ते बहुधा एकमेव यंत्र असावं.

"आन सकाळी काट्यावर कोण? तर मिलिंद," आप्पा म्हणाले. "चाबी कोणाजवळ? मिलिंदजवळ. दुपारी माझा पुतण्या बसतो तवा सगळं बराबर. आता तुम्हीच सांगा."

मी काही सांगितलं नाही. आप्पांनी मात्र आधीच सांगून टाकलं होतं, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी, भोंग्यावरून. काट्यात हात घालणाऱ्या मिलिंदला आजपासून काढून टाकलाय, शेतकऱ्यांनी निर्धास्त यावं. आप्पांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेतकऱ्याचा विश्वास उडाला तर काटा म्हणजे नुसता लोखंडी ओटा, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मी खोली बघून घेतली. दसऱ्याला इथे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात हे माहीत होतं, पण असा कसून केलेला दसरा मी पाहिला नव्हता. टेबलपंख्याला कुंकू, फोनला कुंकू, भोंग्याच्या माईकला कुंकू, पावत्यांच्या शिक्क्याला कुंकू, एवढंच काय, झाडूलाही. आमची पेटी तेवढी कोरी करकरीत. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "तुमचीच चिठ्ठी हाय ना, लावू नये म्हणून. आमी नियमानं चालतो."

मला भरून आलं. साहेबांची चिठ्ठी अक्षरशः पाळणारा माणूस अखेर सापडला होता आणि तो कुंभार पिंपळगावात राहत होता. पेटी चालू होती आणि कोपऱ्यातला ठिपका पेटलेला होता; आप्पांच्या मते मिलिंद जाताना काहीतरी करून गेला होता. केबल तर कुठेच दिसत नव्हती. टोळी खरोखरच हुशार म्हणायची.

मिलिंद

मिलिंद फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात भेटला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. तो बाकावर बसला तसे बाजूचे दोघे उठून दुसऱ्या बाकावर गेले. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"बारावीनंतर त्याच काट्यावर लागलो, म्याडम," तो म्हणाला. "गावाला माझा आवाज पाठ हाय. लहान लेकरं 'पुढचा घ्या, पुढचा घ्या' म्हणत खेळायची. आप्पा माईकवर बोलले तवा माझी माय बाजारात वांगी घेऊन राह्यलती. वांगी तिथंच टाकून घरी आली. तवापासून बाजारात गेली न्हाई."

मी साहेबांनी शिकवलेले प्रश्न विचारले. पेटी कधी उघडली होती का, कोणी केबल मागितली होती का, कोणी पुण्या-मुंबईचा माणूस भेटला होता का. प्रत्येक प्रश्न मी मागच्यापेक्षा हळू आवाजात विचारला.

"म्या उघडलीच न्हाई," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आधीपासून बराबर होता काटा. दसऱ्याला म्या नागपूरला गेल्तो, दीक्षाभूमीवर. दर साली जातो, सगळं घर जातं. परत आलो, काटा चालू केला, तर तो ठिपका. म्याच आप्पाला दाखवला पहिल्यांदा."

चोराने स्वतःच चोरीची वर्दी दिली, ही गोष्ट एवढ्या गावात कोणालाच खटकली नव्हती. आमच्या साहेबांनाही नाही, आणि खरं सांगायचं तर फोनवर ऐकताना मलाही नाही.

"तुला परत कामावर घेतलं तर?" मी विचारलं.

"ते नंतरचं," तो म्हणाला. "जिथं बोलले तिथंच बोलायला पायजे."

पेटी उघडली ती

दुपारी जेवायला आप्पांच्या घरी जायचं होतं, पण मी म्हटलं आधी पेटी. मिलिंदलाही बोलावलं. आप्पांनी नाक मुरडलं, पण बोलावलं. दुपारच्या पाळीचा पुतण्या खोलीत होताच. मागच्या झाकणावर आमचं कागदी सील असतं, 'फाटल्यास हमी रद्द' असं लिहिलेलं. ते फाटलेलं होतं आणि परत चिकटवलेलं होतं. कशाने? वास घेतला, नखाने खरवडून पाहिलं. कणकेची खळ. आंतरराष्ट्रीय टोळीबद्दल मला तेव्हा पहिली शंका आली.

"बघा!" आप्पा गरजले. "उघडलीच होती!"

मिलिंदचा चेहरा एकदम विझला. मी चारही स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत दसरा होता. हिरव्या पट्टीवर आपट्याचं पान नीट ठेवलेलं, झेंडूच्या दोन पाकळ्या सुकून कागद झालेल्या. आणि कोपऱ्यात, नेमक्या त्या पाच पिनांवर, हळदीचं बोट आणि त्यावर ओल्या कुंकवाचं बोट, भरभरून लावलेलं, वर एक अक्षत रुतून बसलेली.

मला हसू फुटलं आणि ते आवरताना डोळ्यांत पाणी आलं. मग मी सगळ्यांना समजावलं. या पिनांपैकी दोन पिना एकमेकींना जोडल्या गेल्या की पेटीला वाटतं कारखान्यातली केबल लागली. मग ती या काट्याचं ठरवून दिलेलं माप बाजूला ठेवते आणि कारखान्यातलं कच्चं माप धरते. हे ती फक्त चालू होताना बघते. रात्री दव पडलं की कुंकू ओलावतं आणि ओलं कुंकू तारेचं काम करतं. सकाळी पेटी चालू केली की ठिपका. दुपारपर्यंत कुंकू वाळतं, लाईट जाऊन येते, पेटी नव्याने चालू होते, सगळं बरोबर. मिलिंदचा दोष एवढाच की तो सकाळी वेळेवर यायचा.

"पर उघडली कोणी?" आप्पा म्हणाले.

"म्या न्हाई," मिलिंद म्हणाला.

"म्या न्हाई उघडली," पुतण्या म्हणाला.

तेवढ्यात जेवायला का येत नाहीत म्हणून काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी शकुंतलाबाई, स्वतःच बोलवायला आल्या. त्यांनी उघडी पेटी पाहिली आणि कौतुकाने वाकल्या. "पान हाय का अजून? ऱ्हायलं बाई छान."

"काकू, ही तुम्ही उघडली?" मी विचारलं.

"उघडली कुठं?" त्या म्हणाल्या. "पूजा केली."

काकूंना वाटलं आम्हाला कळलं नाही, म्हणून त्यांनी खुलासा केला. "वरून लावू नये असं तुम्हीच लिवलं ना. मंग ह्याच्यापुरताच दसरा सुना ठेवावा का? सगळ्या घरादाराचं पोट ह्याच्यावर. शिलाई मशीनचा पेचकस होता, आतून लावलं. ते सोन्यावानी चमकून राह्यलं होतं, दसऱ्याचा दिवस, म्हणलं तिथंच लावावं. मागची चिठ्ठी फाटली ती खळ करून चिकटवली. वरून थेंब लावला न्हाई बघा."

तर ही आमची हल्लेखोर. हत्यार शिलाई मशीनचा पेचकस, पत्ता दाखवणारी आमचीच चिठ्ठी. जालन्याच्या पोरांनी ती धुडकावली, त्यांचा काटा ठणठणीत. काकूंनी ती शब्दशः पाळली आणि मिलिंदची नोकरी गेली. साहेबांनी ज्याला हुशार म्हणून बजावलं होतं तो माणूस मला भेटला असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, मशीनची मिस्टेक होती असं तुम्ही सांगा. पोराला म्या ठेवून घेतो. विषय खतम."

"आप्पा, मला ऐकू येऊन राह्यलं," मिलिंद मागून म्हणाला. "भोंग्यावर बोलले होते तुम्ही."

"आरं, भोंग्यावर काय सांगू? घरच्या बाईनं कुंकू लावलं म्हणून काटा चुकला? लोक हसतील मला."

"मला कोणी हसलं न्हाई, आप्पा," मिलिंद म्हणाला. "हसले असते तर बरं झालं असतं."

मी खाली मान घालून कोरड्या ब्रशने पिना साफ करायला लागले, कारण त्या खोलीत मला तेवढंच येत होतं. कुंकू पुरतं सुटेना, पण आता ते कोरडं होतं आणि राळेखाली त्याला दव लागणार नव्हतं. मग दोन्ही वाट्यांतली राळ एकत्र करून पिनांवर ओतली. काळी, चकचकीत. मागचा दरवाजा एकदाचा बंद झाला. केबल घेऊन आता कोणीही येवो.

काकू राळेकडे बघत होत्या. "मंग पुढच्या दसऱ्याला लावू कुठं?"

मी पेटी सुलटी करून चालू केली, ठिपका पेटला नाही हे पाहिलं, साहेबांची चिठ्ठी नखाने उचलली आणि एका ओढीत काढून टाकली. "इथं लावा," मी म्हटलं. "वरून. पाहिजे तेवढं."

काकूंनी मान डोलावली. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मिलिंदकडे पाहिलं, आणि टेबलाकडे जाऊन माईक हातात घेतला. आप्पा म्हणाले, "अगं, काय करून राह्यलीस?" त्यांनी ऐकलं नाही. माईक तोंडाशी धरून त्या काहीतरी बोलल्या, पण बाहेर आवाज गेला नाही.

मिलिंद पुढे झाला. "बटन दाबून धरावं लागतं, काकू," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच ते दाबून धरलं.

"म्या आप्पाच्या घरची बोलून राह्यले," भोंगा बोलला. बाहेर ट्रॅक्टरवरची माणसं वर बघायला लागली. "काट्याला कुंकू म्या लावल्तं. आतून. त्याच्यानं वजन कमी आलं. मिलिंदनं हात लावला न्हाई. तो त्या दिवशी गावातच नव्हता. सकाळी ज्याचं ज्याचं वजन चुकलं त्यानं घरी यावं, आप्पा बघतील. मिलिंदची माय ऐकत असंल तर, बाई, बाजाराला येत जा."

मिलिंदने बटणावरचं बोट काढलं नाही. आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली, आणि कमरेची चाबी सोडवून टेबलावर ठेवली. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "कळलं की! मंग मिलिंदला बसवा काट्यावर, कवाचे थांबलोत!"

जेवण खूप उशिरा झालं आणि ते काय होतं हे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मिलिंद खुर्चीवर बसला, त्याने खाकरून घसा साफ केला आणि माईक जवळ ओढला. बाजारतळावरून शाळेपर्यंत गावाला पाठ असलेला आवाज गेला.

"पुढचा घ्या."